पोलंडला पाठवलेली टोपी

आमच्या तलवाड्यात पोरगं पास झालं, नात झाली, ट्रॅक्टर आला की लोक पेढे वाटतात. सुधाकरकाका स्वतःचं चुकलं की वाटतात.

"घ्या, तोंड गोड करा. माळावरच्या रानात ह्ये बियाणं फेल जाईल म्हणलो हुतो. लई जोरात आलं. माझं मत बदललं."

लोक पेढा तोंडात टाकतात आणि म्हणतात, "भाऊ, असंच चुकत ऱ्हावा."

काका आमच्या शेजारचे. एकटेच राहतात. बाजारात त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक विचारतं, "उगवंल ना?" काका म्हणतात, "ऐंशी टक्के." समोरचा दुकानदार म्हणतो, "डोळे झाकून न्या." गिऱ्हाईक समोर जातं. काकांना त्याचं काही वाटत नाही. "त्यो डोळे झाकाय लावतो, मी उघडाय लावतो," एवढंच म्हणतात.

हे टक्के आले मोबाईलमधून. इंटरनेटवर एक मंडळ आहे. देशोदेशीची माणसं तिथं कारणं देऊन वाद घालतात. आपल्याला किती खात्री आहे ते सांगायचं आणि पुरावा मिळाला की मत बदलायचं, असा तिथला रिवाज. काकांचं इंग्रजी शाळेपुरतं. डिक्शनरी मांडीवर घेऊन ते एकेक वाक्य जुळवतात, अडलं की मला हाक मारतात. रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून त्यांची बैठक भरते. एकदा मी वाकून आत पाहिलं. स्क्रीनवर गोरे, काळे, दाढीवाले, चष्म्यातले चेहरे, आणि त्यांत आमचे काका, मागे युरियाच्या गोण्या. एक बाई काकांचं म्हणणं वहीत उतरवून घेत होती. मला इतका अभिमान वाटला की जणू तिथं मीच बसले होते.

तसा पुरावा मागायचा स्वभाव त्यांचा आधीपासूनचाच. माझी बारावी झाली तेव्हा वडील म्हणाले, "लई शिकली की पोरगी कामाची ऱ्हात न्हाई."

"कशावरून?" काकांनी विचारलं. "कुणाची बघितली?"

वडिलांनी बराच वेळ आठवून पाहिलं. आमच्या भावकीत तेवढी शिकलेली पोरगीच नव्हती.

"मंग करून बघू की," काका म्हणाले.

मी बी.एस्सी. झाले ती अशी, प्रयोग म्हणून.

मंडळात गेल्यापासून काकांनी गाव सांगणंच सोडलं. लग्नात जेवायला बसलं की आमच्याकडं पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पाव्हणे कुण्या गावचे?" काका म्हणतात, "पृथ्वीवरचा." एका म्हाताऱ्या पाव्हण्यानं भात कालवता कालवता विचारलं, "कंच्या तालुक्यात आलं त्ये?" शाळेत झेंडावंदनाला मात्र काका इस्त्रीचा शर्ट घालून हजर. गुरुजींनी चिमटा काढला तेव्हा म्हणाले, "देश माझा हायच, गुरुजी. पण मी तेवढाच न्हाई."

गावाला हे झेपत नाही. त्यांचे चुलतभाऊ ज्ञानोबातात्या तर काकांशी धड बोलतच नव्हते. काकांनी स्वतःच्या आईचा दहावा घातला नाही, त्याचा तो राग. एकदा चहाच्या हॉटेलात सगळ्यांदेखत त्यांनी काकांना धरलं.

"काय बे सुधाकर, जगाचा पाव्हणा झालास म्हनं! उद्या तुझ्यावर येळ आली तर त्या मोबाईलमधून एक तरी माणूस दारात येईल का? तुला आपलं म्हणाया हाय कोण?"

हॉटेल हसलं. काकांनी टक्के सांगितले नाहीत. चहा संपवून पैसे ठेवले. वडिलांनी घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा मला फार लागलं. तात्या खोटे ठरावेत असं मनापासून वाटलं.

त्यानंतर काही दिवसांनी मंडळातल्या मारेकची आई वारली. मारेक पोलंडचा. काकांशी सगळ्यांत जास्त भांडायचा तोच. दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात उभे.

"पोरी, बीडला चल. मोठ्या पोस्टात काम हाय."

हातात टॉवेल, पांढरी टोपी आणि इंग्रजीत जुळवलेली चार ओळींची चिठ्ठी. आमच्याकडं कुणी वारलं की सोयरेधायरे दुखवट्याला टॉवेल-टोपी घेऊन जातात. ती टोपी डोक्यावर ठेवायची, म्हणजे घरच्या माणसानं सावरायचं आणि पुन्हा कामाला लागायचं.

पोस्टातल्या बाईंनी विचारलं, "भेटवस्तू का विक्रीचा माल?"

"दुखवटा," काका म्हणाले.

"तसं काही लिहिता येत नाही."

"मंग काय लिव्हता येतं त्ये लिव्हा. पण जाऊ द्या."

परतीच्या एसटीत मी न राहवून विचारलं, "काका, तुम्ही तर हे काहीच मानत नाही. मग कावून पाठवलं?"

ते खिडकीबाहेर बघत होते.

"आई गेली तवा मीच सगळ्यांला सांगितलं हुतं, कुणी टोपी आणू नका म्हणून." मग जरा हसले. "जल्मात माझं कुणी कायबी ऐकलं न्हाई, पोरी. तेवढं मातर सगळ्यांनी ऐकलं."

गेवराईला उतरून आम्ही तलवाड्याची गाडी धरली.

महिना उलटल्यावर मारेकचा फोटो आला. दारात उभा असलेला थोराड, दाढीवाला माणूस. खांद्यावर टॉवेल. टोपी लहान पडली होती, म्हणून एका हातानं धरलेली. डोळे सुजलेले. खाली त्यानं विचारलं होतं की ही कुठल्या लोकांची रीत आहे, त्याला तिकडं सगळ्यांना सांगायचं आहे.

काकांनी मोबाईल माझ्या हातात दिला. "लिही. म्हणावं, आपल्यात असंच करत्यात."

मी टाइप करता करता थांबले. "आपल्यात म्हणजे? मराठवाड्यात लिहू? का भारतात?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. चष्मा काढून सदऱ्यानं पुसायला लागले.

"नुसतं 'आपल्यात' लिही," ते म्हणाले. "त्याला कळंल."