क्रियापद वगळून पूल

कोणतेही काम मुळात अवघड नसते. ते अखंड असते, एवढाच त्याचा दोष. हा दोष घालवण्याचे शास्त्र आता इतके पुढे गेले आहे की सुधारलेल्या प्रदेशांत अखंड राहून पुरे झालेले काम औषधालाही सापडत नाही. बल्गेरियातल्या सुहा लीपा या गावी हे शास्त्र जरा उशिरा पोचले. तोवर तिथली कामे नुसतीच होत असत.

गावाच्या मधून नदी जाते आणि नदीवर बावीस पावलांचा लाकडी पूल आहे. मार्चच्या पुरात एक ओंडका येऊन आदळला आणि पुलाच्या मधल्या तीन फळ्या वाहून गेल्या. मेतोदी सुताराने त्याच दुपारी जाऊन माप घेतले, घरामागच्या ढिगातून ओकच्या तीन फळ्या निवडल्या आणि सरपंच झ्लात्काबाईंच्या कानावर घालायला गेला.

(मेतोदीची घाई निव्वळ लोकहिताची नव्हती, हे इथेच नमूद करणे बरे. तो विधुर होता आणि पलीकडच्या काठावर तोन्का नावाची विधवा राहत होती. अकरा वर्षे दर शुक्रवारी तो तिच्याकडे जेवायला जाई. पांढऱ्या घेवड्याचे सूप, भाजलेल्या मिरच्या, वर घरच्या आलुबुखाराच्या दारूचा एक पेला. अशी पाचशे बहात्तर जेवणे झाली, पण मूळ विषय निघाला नाही. मेतोदीच्या कपाटात अंगठी होती, काळा सूट होता, डांबराच्या गोळ्याही होत्या. आता रस्त्याने वळसा एकोणीस किलोमीटरचा, आणि मेतोदीकडे गाडी नव्हती. गाडी होती पेंचो पाववाल्याकडे. पेंचो तोन्काच्याच काठावर राहत असे, आणि विधुर तोही होता.)

"उद्या दुपारपर्यंत ठोकून टाकतो," मेतोदी म्हणाला.

"काका, हात लावू नका," सरपंचबाई म्हणाल्या. "पूल आता प्रकल्प झालाय. वरून मंजुरी आलीय."

"तीन फळ्यांचा प्रकल्प?"

"फळ्या म्हणू नका. व्याप्ती म्हणा."

व्याप्तीचे तुकडे करायला सोफियाहून कालोयान नावाचे विभाजनतज्ज्ञ आले. गृहस्थ अत्यंत सुस्वभावी. त्यांनी आयुष्यात एकही वस्तू बनवलेली नव्हती, त्यामुळे कोणत्याही वस्तूकडे ते निःपक्षपातीपणे पाहू शकत. गावाच्या सभागृहात फळा लावून त्यांनी तीन नियम सांगितले. पहिला, प्रत्येक तुकडा एका माणसाला एका दिवसात झेपेल एवढाच असावा. दुसरा, सगळ्या तुकड्यांची बेरीज बरोबर शंभर टक्के यावी. नव्व्याण्णव आले तर तो निष्काळजीपणा, आणि एकशे एक आले तर गुन्हा.

"तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा," कालोयान म्हणाले. "यादीत फक्त नामं लिहायची. क्रियापद नको. क्रियापद आलं की माणसं कामाला लागतात आणि मोजदाद बिघडते."

हे मात्र गावाला मनापासून पटले.

मग तीन फळ्यांचे आधी सेहेचाळीस आणि नंतर तीनशे अठरा घटक झाले. खिळ्याचे तीन भाग पडले: डोके, अंग, टोक. या सगळ्याची उतरंड एका मोठ्या कागदावर काढून, वर पुलाचा फोटो डकवून, ती ग्रामकचेरीच्या दाराशी लावली. त्या भिंतीवर एरवी मयतांच्या फोटोंचे कागद लागतात. त्यामुळे पहिल्या दिवशी लोकांनी टोप्या काढल्या, आणि दोन आज्या पुलाच्या नावाने, मयताला वाटतात तसे साखर घातलेले उकडलेले गहू वाटून मोकळ्या झाल्या. (पुढे पाहता त्यांची घाई फारशी चुकली नव्हती.)

घटक तीनशे अठरा आणि गावात माणसे चौऱ्याहत्तर, म्हणून दरडोई चार तरी तुकडे आले. पाद्रीबाबांच्या वाट्याला 'नदी (विद्यमान)' आली. नदी आहे असा लेखी अहवाल ते दर सोमवारी देत. तोन्काकडे 'पलीकडचा काठ' होता, तो पहिल्याच दिवशी शंभर टक्के भरला. पेंचोने गाडीतून आणून 'पिशवी, खिळ्यांची' पूर्ण केली आणि शाबासकीचे पत्र मिळवले. मेतोदी गावातला एकमेव सुतार, म्हणून त्याला सुतारकामापासून दूर ठेवण्यात आले (हितसंबंधांचा संशय). त्याला 'सावली, कामगारांसाठी' देण्यात आली. त्याने अक्रोडाच्या झाडाकडे बोट दाखवले आणि सही केली.

एप्रिल गेला, मे गेला. मेतोदी शुक्रवारी दुपारी अलीकडच्या काठावर डबा घेऊन बसे. पलीकडून घेवड्याचा वास येई, आणि तोन्काच्या दाराशी पाववाल्याची गाडी. जूनमध्ये ती गाडी दहा मिनिटे थांबत असे. ऑगस्टमध्ये पाऊण तास. पाव तेवढाच उतरत होता.

सप्टेंबरात एका गुरुवारी उतरंड पूर्ण झाली. पुलाशी बँड लागला, फीत लागली, जिल्ह्याहून समिती आली. फळ्या रचून ठेवल्या होत्या, खिळे बरणीत होते, हातोडा लाल मखमलीवर होता. कालोयानांनी तीनशे अठराच्या तीनशे अठरा घटकांची पूर्तता वाचून दाखवली. समिती टाळ्या वाजवत पुलावर मधल्या भगदाडापर्यंत गेली आणि परत आली. ('समितीने पुलावरून ये-जा केली,' असे इतिवृत्तात आहे.)

"आणि हे ठोकायचं कुणी?" मेतोदीने विचारले.

कालोयानांनी यादी पुन्हा वरून खाली पाहिली. "ठोकणे हे क्रियापद आहे, काका."

"मग ठोकणी लिहा."

"वरून ते नाम दिसतं, पण आतून क्रियापदच आहे. शिवाय ते घातलं तर बेरीज शंभराच्या वर जाईल."

पुलाच्या पलीकडच्या टोकाशी तोन्का उभी होती, कमरेला एप्रन, हात पिठाचे. बँड दम घ्यायला थांबला होता.

"काय म्हणतात रे?" तिने विचारले.

"सगळं आहे म्हणतात. फळ्या आहेत, खिळे आहेत, हातोडा आहे. ठोकणं तेवढं राहिलं. अक्कल बघ यांची."

"त्यांना कशाला हसतोस? तुझ्याकडे अंगठी आहे, सूट आहे. पाद्रीबाबांनी सांगून मला आठ वर्षं झाली."

पाद्रीबाबांनी नदी विद्यमान आहे की नाही ते वाकून पाहिले.

"पेंचोकडे ना अंगठी ना सूट," तोन्का म्हणाली. "पण परवा दारात उभं राहून सरळ विचारलंन."

"मग तू काय म्हणालीस?"

"शुक्रवारी सांगते म्हणाले."

मेतोदीने मखमलीवरचा हातोडा उचलला. सरपंचबाई म्हणाल्या, काका, हे व्याप्तीबाहेर आहे. कालोयान म्हणाले, बेरीज बिघडतेय. पहिली फळी बसली तेव्हा समितीने पाठ फिरवली, म्हणजे साक्ष द्यावी लागू नये. सगळी मिळून चाळीस मिनिटे लागली. मग मेतोदी पूल ओलांडून गेला आणि त्याने विचारले. अकरा वर्षांच्या कामाला शब्द तीनच लागले. उत्तराची नोंद कुठेच नाही, पण पेंचो तेव्हापासून पाव फाटकाला अडकवून जातो आणि हॉर्न वाजवत नाही.

प्रकल्पाच्या अहवालात या घटनेला 'अनधिकृत पूर्तता' असे नाव आहे. जादा झालेले क्रियापद काढून टाकण्याचा, म्हणजे फळ्या पुन्हा उखडण्याचा, आदेशही निघाला आहे. त्या उखडण्याचे सध्या दोनशे चार घटक पाडण्यात येत असल्यामुळे पूल अजून काही वर्षे सुरक्षित आहे.

ज्या वाचकांना कालोयान वेडगळ वाटले, त्यांनी आपल्या फ्रिजच्या दारावर लावलेला कागद एकवार वाचावा. अक्षर तुमचेच आहे. गच्चीची गळती. गुडघ्याचा एक्स-रे. भावाशी भांडण, जुने. आईला फोन. तुकडे व्यवस्थित, प्रत्येक एका माणसाला एका दिवसात झेपणारा, आणि क्रियापद एकही नाही. सुहा लीपाच्या नियमाने शंभर टक्के पूर्ण.