राहीआत्या आणि मांगाचा दोर

माझी राहीआत्या विहिरीसाठी नवा दोर घेताना आधी त्याला आंघोळ घालायची.

दोर वळायचा सटवा मांग. आमच्या महारवाड्याच्या कडेला उभा राहून तो हाक मारायचा. आत्या लांबूनच ओरडायची, "ठिव खाली! आन् सर मागं!" मग दोरावर पाणी शिंपडायची आणि मगच उचलायची. तोच दोर वर्षभर आमच्या विहिरीत बुडायचा आणि त्यानंच शेंदलेलं पाणी आम्ही प्यायचो. "आत्या, दोर चालतो आन् सटवा का चालत न्हाय?" असं विचारलं की ती डोळे वटारायची.

"ते येगळं!"

एवढ्या दोन शब्दांत ती कुठलाही वाद मिटवायची.

लोहाऱ्याकडच्या आमच्या गावात तेव्हा निजामाचा अंमल होता. अंमल कुणाचाही असो, पाटलीणबाई आत्याच्या पदरात भाकरी वरूनच टाकायची. गावविहिरीची पायरी आम्हाला बंद होती. आत्याला त्याची अशी चीड, की घरी येऊन भाकरी मोडता मोडता ती पाटलिणीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. आणि लगेच उठून आमच्या विहिरीवर आलेल्या मांगवाड्यातल्या बायांच्या घागरीत हुबेहूब तसंच, हातभर वरून पाणी ओतायची. पाटलिणीनं स्वतः शिकवलं असतं तरी इतकं बेमालूम जमलं नसतं.

त्या बायांत सटव्याची बायको गोजरा असायची. ती गावची सुईण, आणि सटव्याबरोबर दोरही वळायची. आत्या तरणेपणीच विधवा झालेली. तिचं एकुलतं बाळंतपण गोजरानंच केलं होतं. लेकरू दिवेलागणीपर्यंतच जगलं. आत्याखेरीज त्याचं तोंड बघितलेलं माणूस आता गोजराशिवाय दुसरं उरलं नव्हतं.

एका उन्हाळ्यात गावात पटकी आली. गोजरा विहिरीशी येऊन म्हणाली, "राहीबाई, आमचं आमाला शेंदू द्या. तुमची वाट बघून बघून लेकरं वढ्याचं घान पानी पित्यात."

"विहीर बाटंल!"

"तुमचं लेकरू ह्याच हातावर आलं. तवा न्हाय का बाटलं कुनी?"

आत्या खाली बघत म्हणाली, "ते येगळं."

गोजरा रिकामी घागर घेऊन परतली. चार दिवसांत पटकीनं तिलाच नेलं.

पुढं सटवा दोर घेऊन आला. "तिनं वळल्याला ह्यो शेवटचा," म्हणाला. आत्या 'ठिव खाली' म्हणाली नाही. तिनं दोर त्याच्या हातातूनच घेतला, पाणी न शिंपडता, आणि पोटाशी धरून घरात गेली. तो विहिरीला कधी लागलाच नाही. आत्या तो उशाशी घेऊन निजायची.

"आत्या, जुना दोर तुटायला आलाय. हा का लावत न्हाईस?"

"ते येगळं," ती म्हणाली आणि दोर आणखी जवळ ओढला.

मला वाटलं, आत्या बदलली. संध्याकाळी विहिरीवर गेले. मांगवाड्यातल्या बाया विहिरीच्या कट्ट्याखालीच उभ्या होत्या, आणि आत्या डोळे पुसत पुसत त्यांच्या घागरीत हातभर वरून पाणी ओतत होती.