पाच तबकड्यांची परीक्षा

एका जंगलात, बाळांनो, एका नव्या सुनेने नको ते ऐकलं.

"कान नुसते लांब आहेत तिचे. आत गाणं शिरत नाही," सासरे मुलाला सांगत होते. हळूच. पण सशांच्या घरात हळू असं काही नसतं.

सून होती शेवरी. नवरा निषाद. सासरे गुणाकरपंत, भारद्वाजबुवांचे परमभक्त. बुवा कधीच उडून गेले होते. मागे तबकड्या उरल्या. गुणाकरपंतांकडे एकाच गाण्याच्या पाच होत्या. एक पहिल्या साच्यातली, एक डोंगरापलीकडची, एक म्हणे खास जाड. बापलेक रोज एकेक लावायचे, सुरुवातीची खरखर डोळे मिटून ऐकायचे आणि बुवांनी आ केला की सुई उचलायचे. उगाच झिजायला नको.

लग्नाला पाच महिने झाले, तरी त्या गाण्याचं पुढे काय होतं ते शेवरीला कळलं नव्हतं.

मग एकदाचा निकाल लावायचं ठरलं. सर्वांत उत्तम तबकडी मेणकापडात गुंडाळून ढोलीत ठेवायची. कायमची. बाकीच्या चार वाटून टाकायच्या. म्हणजे घरातून गाणं गेलंच.

"कोणती वाजतेय ते आपल्याला दिसायला नको. पडद्यामागे तबकड्या लावायला सूनबाईलाच बसू दे," गुणाकरपंत म्हणाले. "कळत नाही, त्यामुळे पक्षपात नाही."

आज प्रत्येकीला मोजून पाऊण मिनिट होतं. शेवरीने पहिली लावली. आलाप सुरू झाला.

"बास! दुसरी."

शेवरीने सुई उचलली. जरा थांबली. आणि तिथेच परत टेकवली.

"अहाहा! ही कशी मोकळी आहे बघ."

"हो ना बाबा. पहिली दबलेलीच होती."

"तिसरी!"

"हिच्यात तबला फारच पुढे आलाय," निषाद म्हणाला.

तबला नुकताच सुरू झाला होता, बाळांनो.

"साचा झिजलेला, दुसरं काय! चौथी लाव."

बुवा तानांवर आले.

"हिचा तर वेगच चुकलाय. पाचवी!"

पाचवीत गाणं संपलं. पडद्यामागे शेवरीने डोळे पुसले.

बाहेर जुंपली. बापाला दुसरी हवी, लेकाला पाचवी. शेवटी गुणाकरपंतांनी पडदा सरकवला. "सूनबाई, दुसरी कुठली ती काढ. तीच ढोलीत जाणार."

शेवरी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच बोलली. "मामंजी, तबकडी एकच होती. मला गाणं ऐकायचं होतं. फार सुंदर आहे हो. तुम्हीही ऐका एकदा."

तात्पर्य : पारख करताना गाण्याकडे लक्ष जाऊ देऊ नये, आणि निकाल लागल्यावर पडदा सरकवू नये.