मासोळ्यांचा उपास

"नवीन जीव घरात आला, का त्यानं घास खाल्ल्याशिवाय आपण पानावर बसाचं नाही."

माझ्या सासूबाई, तुळजाबाई, हे सांगून गेल्या आणि मी ते आजवर मोडलं नाही. गाय आणली तेव्हा पाळलं, जावई पहिल्यांदा आले तेव्हाही पाळलं. तसाही सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी धरून माझा अर्धा आठवडा उपाशीच जातो. बोटाएवढ्या मासोळ्या माझं काय वाकडं करणार होत्या?

सपना लग्न होऊन नांदेडला गेली आणि घर मुकं झालं. मी देवघरात जास्त बसू लागले तसे आमचे हे, चंपतराव, घाबरले. आदिलाबादेत किराणा दुकान चालवणारा माणूस, दुःखावर उपाय म्हणून वस्तूच आणणार. आधी काचेची पेटी आणली, पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी फुगलेल्या पिशवीत केशरी मासोळ्या घेऊन आले.

"पिशवी तशीच पाण्यावर तरंगू द्याची. सवय होते त्याईले. मंग सोडाच्या."

"दुकानदारानं अजून काय सांगलं?"

"बस, येवढंच."

येवढंच नव्हतं, पण ते संध्याकाळी कळलं.

नव्या सुनेवरून ओवाळतात तसा मी पेटीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मासोळ्या सोडल्या, चिमूटभर खाणं टाकलं. त्या तळाशी गेल्या आणि रुसल्यासारख्या कोपऱ्यात तोंड घालून बसल्या. खाणं वर तरंगत राहिलं आणि माझं ताट ओट्यावर झाकलेलं.

"जेव ना वं," हे म्हणाले.

"त्यांनी खाल्लं का जेवते."

"त्याईले काय माहीत तू उपाशी हायस?"

"मला माहीत हाय ना."

हे दुकानात जाऊन आले. मिशीत शेवेचा तुकडा होता.

शेजारच्या कुसुमबाई आल्या, काचेला नाक लावून बसल्या. "काऊन बाई, नजर लागली का?" म्हणत त्यांनी लाइट लावला, काचेवर टिचक्या मारल्या आणि घरी जाऊन दाण्याचा कूट आणला. मागोमाग त्यांचे उद्धवराव.

"पैनगंगेवर मासोळ्या धरण्यात जवानी गेली आपली. कणकीची गोळी टाका, धावत येते."

"मंग?" ह्यांनी विचारलं.

"मंग गळाला लागते."

मासोळ्यांनी ते ऐकलं असावं. त्या दगडामागे गेल्या. तरी कूट पडला, कणीक पडली आणि पाण्याचं ताक झालं. ऊन कललं तशा मासोळ्या वर येऊन तोंड उघडून धापा टाकू लागल्या. ओवाळून घरात घेतलेला जीव माझ्याच घरात तडफडून जाणार! माझ्या पोटातली भूक कुठल्या कुठे गेली.

ह्यांनी दुकानदाराला फोन लावून माझ्या हातात दिला.

"भाभी, नयी जगह है, घबरा गये हैं. बत्ती बंद करो, सबको हटाओ, थोड़ा पानी बदलो. और आज कुछ खिलाना नहीं. भाईसाब को बोला था ना मैंने."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे कॅलेंडरकडे पाहू लागले.

"म्हंजे तू उद्यापर्यंत?" त्यांनी हळूच विचारलं.

"म्हणजे उद्यापर्यंत."

कुसुमबाईंना आणि उद्धवरावांना हात जोडून घरी पाठवलं. बादलीत आदल्या दिवशीचं पाणी होतं, ते घालून पेटीतलं पाणी थोडं थोडं बदललं. लाइट बंद केला आणि पेटीवर जुनं लुगडं घातलं. मी बादली ठेवायला मोरीत गेले, तर मागे हे पेटीपुढे उभे. माझ्या व्रतांना आयुष्यभर हसलेला माणूस हात जोडून पुटपुटत होता, "जैनथच्या देवा, वाचव बाप्पा. पायी येतो."

मी बादली जरा जोरानं आपटली. त्यांना हात सोडायला वेळ मिळाला.

मग मी अंधारात बसून राहिले आणि सासूबाई आठवल्या. मी या घरात आले तेव्हा माझ्याही घशाखाली घास उतरत नव्हता. बाया येत, पदर उचलून तोंड बघत, "जेव पोरी" म्हणत, आणि मी अजूनच आखडत होते. सासूबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं. कंदील बारीक केला. माझ्यापुढे ताट ठेवलं आणि स्वतः पाठ करून ज्वारी निवडत बसल्या. सुपाच्या त्या आवाजात मी कधी भाकर मोडली, मलाच कळलं नाही. त्याही सकाळपासून उपाशी होत्या, हे मला फार वर्षांनी कळलं.

सकाळी लुगडं थोडं सरकवलं. पाणी निवळलं होतं. दोन कण टाकले आणि मी पाठ करून तांदूळ निवडत बसले. मान वळवायचा मोह फार झाला. शेवटी हेच दारातून कुजबुजले, "खाल्लं. खाल्लं वं त्याईनं."

मी कालची भाकर चहात बुडवून खाल्ली. इतकी गोड भाकर सपना गेल्यापासून खाल्ली नव्हती.

हे उंबऱ्यापाशी घुटमळत होते.

"दूध आणतो."

"दूध तापवून झालं."

"मंग दही."

चपला दारातच राहिल्या. दुकानापर्यंतसुद्धा स्कूटरवर जाणारा माणूस! मी खिडकीतून पाहिलं. कोपऱ्यावर जैनथला जाणारी ऑटो उभी होती.

"चला सेठ, एकच सीट हाय," ऑटोवाला म्हणाला.

हे क्षणभर थांबले. ऑटोकडे पाहिलं, मग पायांकडे. हातानं नको म्हटलं आणि रस्त्याच्या कडेनं, खडे चुकवत, चालू लागले.