अण्णा स्कूटर ढकलतात

आमच्या शेजारचे सिद्रामअण्णा रोज सकाळी स्कूटर ढकलत दुकानाला जातात. स्कूटरला काहीही झालेलं नाही. टाकीत पेट्रोल असतं, पहिल्या किकला ती सुरू होते. तरी शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळातून थेट आपल्या चादरींच्या दुकानापर्यंत अण्णा तिला चालत नेतात, बैलाला पाण्यावर न्यावं तसं.

"व्यायामाला येळ न्हाय म्हंतोस, पर कामाला जातोस की न्हाय? मग जाता जाता घाम काढ की!" ही त्यांची मला शिकवण.

मी आरोग्याच्या बाबतीत फार गंभीर माणूस आहे. व्यायामाआधीची तयारी कधी अर्धवट सोडत नाही. योगासनांसाठी चटई आणली, तिच्यावर सध्या पापड वाळतात. मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आहे. शेंगाचटणी कुटताना त्यानं एकदा माझं अभिनंदनही केलं. जिममध्ये नाव घातलं, त्यानंतर तिथल्या ट्रेनरचं लग्न होऊन बारसंही झालं, पण मला काही वेळ मिळाला नाही. शेवटी डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, "साखर काठावर आहे. रोज चाला, नाहीतर गोळ्या सुरू." बायकोनं दुसऱ्याच दिवशी मला अण्णांच्या मागं लावून दिलं.

पण अण्णांबरोबर चालणं कसलं, निम्मा वेळ उभं राहणंच. कोपऱ्यावरची भाजीवाली रोज चेष्टेनं ओरडणार, "काय झालं ओ अण्णा?" अनोळखी लोक तर खरंच थांबायचे. बंद गाडी दिसली की मागनं पाय लावून ती पुढं न्यायची, ही आमच्याकडची रीतच आहे. एखादा मोटारसायकलवाला वेग कमी करून पाय पुढं काढायचा, "पांव लगाऊं क्या, अण्णा?"

"गाडीला काय बी झालं न्हाय," म्हणत अण्णा त्यालाच थांबवून घ्यायचे. कुठला, कुणाचा, आईचा गुडघा कसा हाय, सगळं विचारून झाल्यावरच सोडायचे.

थांबत थांबत चालण्याचा उपयोग होत नाही, असं मी मोबाइलवर वाचलं होतं. वाचनात मी कधी खंड पडू देत नाही. म्हटलं, "अण्णा, उद्या गाडी घरी ठेवा. नुसतंच चालू."

"यप्पा, नुसतं?" अण्णांनी मान खाजवली. "बरं, तू म्हंतोस तर."

दुसऱ्या दिवशी आम्ही भराभर चाललो. कुणी थांबलं नाही. भाजीवाली मेथी निवडत होती, तिनं वर बघितलंही नाही. मोटारसायकली शेजारून निघून गेल्या. दुकान फार लवकर आलं. घड्याळ कौतुकानं थरथरलं आणि मी छाती फुगवून अण्णांकडं पाहिलं. शटर न उघडताच ते पायरीवर बसले होते.

"दम लागला का? पाणी आणू?"

"दम न्हाय रं." ते रस्त्याकडं बघत म्हणाले, "चालनाऱ्या मानसाला कोन इचारतंय? गाडी ढकलताना दिसलं की अख्खं सोलापूर थांबतंय बघ. तुझी कमळाकाकू गेल्यापासनं घरात 'काय झालं' म्हनून इचारनारं कोन न्हाय."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्यांची कडी वाजवली. "अण्णा, गाडी काढा."

"आनि तुझी साखर?"

"ती बी चालंल की आपल्याबरोबर."

चौकाच्या अलीकडं एका मोटारसायकलवाल्या पोरानं वेग कमी केला, पाय पुढं काढला. "क्या हुआ अण्णा?"

अण्णांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. ते त्याला सांगू लागले आणि सांगतच राहिले. मला ऑफिसला उशीर होत होता. तरी मी पुढं होऊन स्कूटरचं हँडल धरलं, म्हणजे अण्णांना बोलायला दोन्ही हात मोकळे राहतील.