वाहन आढळले

सुरक्षितता ही अशी अवस्था आहे की ती एकदा घरात शिरली की माणसाला करण्यासारखे काही उरत नाही. भिलाईच्या नेहरू नगरातले हिरालाल बहेकार बराच काळ या अवस्थेत होते. प्लांटमधून रिटायर झाल्यावर त्यांनी घर बांधले, आणि नागपूरला असलेल्या मुलीने, रेणूने, आईबाबांवर लक्ष राहावे म्हणून फाटकावर कॅमेरा बसवून दिला. कॅमेऱ्याने इमानेइतबारे काम केले. चोर आला नाही. तो येण्याचे लक्षणही दिसेना, आणि एवढे चांगले यंत्र रिकामे बसलेले हिरालालांना पाहवेना.

एके सकाळी त्या कॅमेऱ्यासमोरून एक जुनी विलीज जीप गेली. हिरालालांनी जेवण गार होईपर्यंत ती पुन्हा पुन्हा पाहिली आणि रिसालीतले मित्र बळीराम फुंडे यांना पाठवली. अशा रीतीने 'जुने वाहन निरीक्षण मंडळ, भिलाई' (नोंदणी विचाराधीन) ही संस्था व्हॉट्सअ‍ॅपवर स्थापन झाली.

मंडळाचे काम शास्त्रशुद्ध आहे. गाडी सभासदाच्या घरच्या कॅमेऱ्यातच दिसली पाहिजे. नुसत्या डोळ्यांनी पाहिलेली धरत नाहीत, कारण डोळ्यात मेमरी कार्ड नसते. नियम दुसरा असा की सभासद स्वतः चित्रात दिसला तर नोंद बाद, कारण मग गाडी आली की आणली, हा प्रश्न उपस्थित होतो. अ‍ॅम्बेसेडरला अर्धाच मान आहे (आयुष्य सरकारी नोकरीत गेल्याने तिच्या चालीत उत्साह नसतो). मंडळाच्या पहिल्या अहवालानुसार शहरातल्या बहुतेक गाड्या नव्या असून उरलेल्या जुन्या आहेत. हा निष्कर्ष एकमताने मंजूर झाला. बळीरामांच्या नावावर एक स्टँडर्ड हेराल्ड आहे. तिच्या व्हिडिओत गाडीपेक्षा धुके जास्त आहे, पण त्या धुक्याच्या जोरावर ते अध्यक्ष झाले. हिरालालांच्या मनात हे सलत असे.

कामाच्या सोयीसाठी हिरालालांनी काही किरकोळ सुधारणा केल्या. कॅमेऱ्याची मान फाटकावरून उचलून रस्त्याकडे वळवली. पासवर्ड बदलला (रेणूला कळवायचा राहिला). फोनवर 'माणूस आढळला' आणि 'वाहन आढळले' अशा दोन सूचना येत, त्यांतली पहिली बंद केली. कारण माणूस म्हणून दर वेळी त्यांची बायको गयाबाईच निघे. सडा टाकायला आल्या, वाजला फोन. भाजी घ्यायला निघाल्या, वाजला फोन. इतक्या वर्षांच्या संसारात आढळून झालेले माणूस पुन्हा पुन्हा आढळून उपयोग काय, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

त्या आठवड्यात गयाबाईंचे एकच म्हणणे होते. कुम्हारीला त्यांच्या बहिणीच्या, प्रेमलाच्या घरी नातीचे बारसे होते, आणि दोघांनी मिळून जायचे होते. हिरालाल रोज "पाहू" म्हणत. रविवारी सकाळी गयाबाई कैरीच्या रंगाची साडी नेसून, पिशवी घेऊन समोर उभ्या राहिल्या. हिरालाल फोन धरून दिवाणावर बसले होते, कारण जुन्या गाड्या त्यांचे मालक रविवारीच बाहेर काढतात.

"अजी, चलता नं?"

"हो."

"मंग उठा."

"हो."

"का राजकुमारलेच बलावून घेऊ? येते थो मले घ्यायले."

"हो."

राजकुमार म्हणजे प्रेमलाचा मुलगा, बाळाचा मामा. गयाबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन त्याला फोन केला. बऱ्याच वेळाने मंडळात अध्यक्षांचा निरोप आला की सुपेल्याजवळ हायवेवर एक जुनी गाडी जावयाने पाहिली आहे (डोळ्यांनी, म्हणून बाद), तरी नेहरू नगरने सावध राहावे.

आणि बाहेर भोंगा वाजला. असा भोंगा हल्लीच्या गाड्यांना नसतो. हिरालाल ताडकन उठले, दारापर्यंत गेले, नियम दुसरा आठवला आणि परत येऊन बसले.

"मी चालली," बाहेरून आवाज आला. "पोळ्या झाकून ठेवल्या हायेत."

"हो," हिरालाल म्हणाले, आणि फोन वाजला. वाहन आढळले.

फियाट होती. आकाशी रंगाची, चकचकीत बंपरची. ती फाटकासमोर चक्क थांबली आणि मग ऐटीत निघून गेली. मंडळात आनंदीआनंद झाला. आकाशी रंग मूळचा की मागून मारलेला, यावर दुपारपर्यंत वाद चालला. शेवटी अध्यक्षांनी शेरा दिला की मध्येच कोणी बाई आडवी आल्याने मागच्या दाराचे हँडल झाकले गेले आहे, एवढे सोडल्यास नोंद निर्दोष आहे. 'लोकाले गाडीपुढं कसं उभं राहावं थेही समजत नाही,' असे हिरालालांनी खेदाने लिहिले.

दुपारी रेणूचा फोन आला. "बाबा, आई फोन काहून नाही उचलत?"

हिरालालांनी हाक मारली. मग घरभर फिरले. गयाबाईंचा फोन स्वयंपाकघरात झाकलेल्या पोळ्यांशेजारी होता. हिरालाल घाबरले. अगदी खरे घाबरले.

"घरात नाही वो ते."

"नाही म्हंजे? कोनती साडी होती अंगावर?"

फियाटच्या चाकांच्या वाट्यांवर किती पोचे होते हे हिरालालांना झोपेतही सांगता आले असते. साडी आठवेना. कॅमेऱ्यात शोधले, तर दिवसभरात एकही माणूस आढळलेला नव्हता. "एकच व्हिडिओ हाये, पर त्याच्यात आई नाही. फियाट हाये," म्हणत त्यांनी तो पाठवला.

रेणूने लगेच परत फोन केला. "बाबा," ती फार शांतपणे म्हणाली, "हँडल झाकून उभी हाये थे कोन हाये?"

तेव्हा कुठे हिरालालांना बारसे आठवले, आणि त्यांनी बस पकडून कुम्हारी गाठली. बारसे उरकले होते. मांडवाच्या तोंडाशी फियाट उभी होती आणि तिच्यापलीकडे गयाबाई. राजकुमार पुढे आला. "अरे मौसाजी, देखो ना, पापावाली गाडी बनवा ली मैंने. मस्त झाली ना?"

"मले न्यायले आले," गयाबाईंनी विचारले, "का हँडल पाहाले?"

"तुले," हिरालाल म्हणाले. "घर खायले उठलं मले." हे त्यांनी अगदी मनापासून सांगितले. हात तेवढा हँडलवर होता.

गयाबाईंनी त्या हाताकडे पाहिले. "जेवून घ्या पहिले," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी राजकुमारने दोघांना त्याच गाडीतून घरी सोडले. कॅमेऱ्यात हिरालाल फियाटमधून उतरताना स्वच्छ दिसले, आणि अध्यक्षांनी नियम दुसरा लावून सकाळची नोंदही बाद केली.

या प्रकाराची नातेवाइकांत भरपूर चर्चा झाली. सख्ख्या बायकोला न ओळखणारा माणूस म्हणून हिरालालांना नावे ठेवण्यात आली. वाचकांनीही खुशाल ठेवावीत. फक्त त्याआधी, वर नजर न टाकता, एवढे सांगावे. गाडी कोणत्या रंगाची होती?

बरोबर. आणि साडी?