वाघमारे सरांची हवा

आमच्या आदिलाबादच्या पॉलिटेक्निकमधले वाघमारे सर भेटले की माणसाला नमस्कार नंतर, आधी त्याच्या यंत्राला उलटा हात लावायचे. स्कूटर असो, रेडिओ असो. मग म्हणायचे, "तापून राह्यलं. हवा कुठून येते याची?" एकदा प्राचार्य फोनवर बोलत असताना त्यांनी फोनलाच हात लावून पाहिला होता.

मी त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. नव्वदच्या दशकात एका दवाखान्यासाठी, बाळंतिणींच्या खोलीतला स्टॅबिलायझर बनवायचं काम सरांकडं आलं. मे महिन्यात बाजारातले स्टॅबिलायझर तिथं टिकत नव्हते. आतले तापणारे भाग ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या ठोकळ्यावर बसवायचे आणि ठोकळ्यावर पंख्याची हवा सोडायची, एवढीच युक्ती. पण ठोकळा केवढा घ्यायचा, हे आधी हिशेबानं काढावं लागतं. तिथंच भांडण लागलं.

हैदराबादहून नवे आलेले श्रीनिवास सर म्हणाले, पेटीतल्या हवेचे हजारो तुकडे कल्पून कॉम्प्युटरवर एकेकाचं गणित करू. वाघमारे सरांना हा पोरखेळ वाटला. उष्णता विजेसारखीच वाहते, वाटेतल्या प्रत्येक अडथळ्याला एक रेझिस्टर धरा, काम खतम. आठवडाभर दोघं माझ्यामार्फतच बोलले. श्रीनिवास सर तेलुगूत सांगायचे, वाघमारे सर मराठीत उत्तर द्यायचे, आणि दोघांनाही दोन्ही भाषा येत असून मी मधे भाषांतर करायचो.

कॉम्प्युटरचं गणित निम्म्यावर आलं की लाईट जायची. पुन्हा पहिल्यापासून. वाघमारे सर दारात येऊन कॉम्प्युटरची तब्येत विचारून जायचे. त्यांनी स्वतः पाठकोऱ्या कागदावर दहा मिनिटांत उत्तर काढलं, ठोकळा बसवला, पेटी बंद करून चालू केली. अर्ध्या तासात जळका वास आला.

सरांनी पेटी उघडली. झाकणाच्या जागी काच लावली आणि पंख्यापाशी उदबत्ती धरली. धूर पात्यांमधून जायचा सोडून वरच्या मोकळ्या जागेतून सरळ बाहेर पडला. कागदावर त्यांनी सगळी हवा पात्यांमधूनच जाते असं धरलं होतं.

ते उठून श्रीनिवास सरांच्या खोलीत गेले. मीही भाषांतरासाठी मागं गेलो, पण गरज पडली नाही.

"किती तापते ते माझ्या कागदावर निघते," वाघमारे सर म्हणाले. "हवा कुठं पळून जाते ते नाही निघत. तुमचं बराबर होतं."

मग ठोकळ्याचं माप वाघमारे सरांच्या कागदावर ठरलं आणि कॉम्प्युटरला फक्त पंख्याजवळचा लहानसा भाग दिला. ते गणित लाईट जायच्या आत संपलं. वरची वाट पत्र्याच्या पट्टीनं बंद केली. पेटी सगळा मे चालली.

दवाखान्याचं आभाराचं पत्र आलं त्या दिवशी सर रजेवर होते, म्हणून मी ते त्यांच्या घरी नेलं. सर औषध आणायला गेले होते. एकाच खोलीचं घर, खिडकीत एक कूलर चालू. लकवा मारलेली त्यांची माय खाटेवर होती आणि खाटेभोवती फरशीवर खडूच्या खुणाच खुणा.

"रोज खाट सरकवते थो," माय म्हणाली. "हवा पायाकडून आली पायजे म्हणते, तोंडावर नाही."

सर कुठं झोपतात, मी विचारलं. तिनं दाराआडच्या गुंडाळलेल्या चटईकडं बोट केलं.

"म्हणते, मले तिथंच गार वाटते."

मी सहज तिथं जाऊन उभा राहिलो. कूलरची हवा तिथवर येतच नव्हती.